प्रवेश सर्वांना, पदवी कोणाला? अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा इतिहास

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज या नावाने ओळखली जाणारी संस्था म्हणजे बारा वर्षांचे शालेय शिक्षण संपवलेल्या कोणालाही गुणांची अट न घालता प्रवेश देणारे, दोन वर्षांचे आणि मुख्यत्वे सरकारी पैशांवर चालणारे स्थानिक महाविद्यालय होय. तेथे मिळणाऱ्या पदवीला असोसिएट पदवी म्हणतात. ती चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या निम्म्या अभ्यासक्रमाइतकी असते आणि ती हाती घेऊन विद्यार्थ्याने एखाद्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल व्हावे, अशी योजना असते. या बदलीला ट्रान्स्फर हा शब्द रूढ आहे. ज्यांना विद्यापीठात जायचे नाही त्यांच्यासाठी परिचर्या, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, हिशेबनीस अशा कामांचे अभ्यासक्रमही त्याच आवारात चालतात. देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत आणि कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूळ रहिवासी समाजांतील तरुण, नव्याने आलेले स्थलांतरित, घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे आणि नोकरी किंवा लेकरे सांभाळून शिकणारे प्रौढ यांचा मोठा भरणा त्यांत आढळतो. या संस्थांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रवेश दिला की समता साधली ही समजूत किती खोल रुजली होती आणि तिचा अपुरेपणा मान्य व्हायला किती काळ जावा लागला, हे स्पष्ट होते.

या इतिहासाची सुरुवात सहसा १९०१ सालापासून धरली जाते. इलिनॉय राज्यातील जोलिएट या दगडखाणींच्या आणि पोलाद कारखान्यांच्या गावात तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे वर्ग सुरू केले, तेव्हा विद्यार्थी होते अवघे सहा. या प्रयोगामागे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे पाठबळ होते. परंतु दोघांच्या हेतूंत मोठे अंतर होते. हार्पर यांच्या मनात जर्मन धर्तीचे, संशोधनाला वाहिलेले विद्यापीठ होते आणि पहिल्या दोन वर्षांचे प्राथमिक अध्यापन हे त्यांना विद्यापीठाच्या खांद्यावरचे ओझे वाटे. आपल्या विद्यापीठात त्यांनी या दोन वर्षांना ज्युनिअर कॉलेज आणि पुढच्या दोन वर्षांना सीनियर कॉलेज असे वेगळे केले होते (महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी याची गल्लत होऊ नये), आणि पहिला टप्पा विद्यापीठाबाहेर गेला तर केवळ निवडक विद्यार्थीच वर येतील, असा त्यांचा हिशेब होता. ब्राउन यांना मात्र शिकागोला जाऊन राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या गावातल्या मुलांना घरी राहून पुढे शिकता यावे, एवढेच हवे होते. वरच्यांची गाळणी आणि खालच्यांची शिडी अशी दोन्ही कामे एकाच संस्थेच्या माथी जन्मापासून आली, आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक वाद या दुहेरी हेतूतून उद्भवला आहे.

या कल्पनेला सर्वाधिक जोर कॅलिफोर्नियात आला. १९०७ साली त्या राज्याने हायस्कूलांना बारावीनंतरचे अभ्यासक्रम चालवण्याची कायदेशीर मुभा दिली, १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे महाविद्यालय निघाले आणि १९२१ च्या कायद्याने या महाविद्यालयांसाठी स्वतंत्र जिल्हे स्थापन करता येऊ लागले. पैसा मुख्यत्वे स्थानिक मालमत्ताकरातून येत असल्यामुळे महाविद्यालय हे गावाचे, गावाने पोसलेले आणि गावाला उत्तरदायी असे राहिले. १९२० च्या दशकात या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेतील धुरीणांनी असा आग्रह धरला की बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दोन वर्षांतच शिक्षण संपवून कारकुनी, तांत्रिक किंवा निमव्यावसायिक नोकरी धरावी. अशा अभ्यासक्रमांना ते टर्मिनल, म्हणजे जेथे शिक्षण थांबते असे, म्हणत. विद्यार्थी मात्र पिढ्यान्‌पिढ्या विद्यापीठाकडे नेणारे विषयच निवडत राहिले. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा सविस्तर मांडला. विद्यार्थ्यांच्या मागणीमुळे नव्हे, तर उच्च शिक्षणाच्या उतरंडीत स्वतःला एखादी सुरक्षित जागा मिळावी या संस्थाचालकांच्या गरजेमुळे व्यवसायशिक्षणाचा रेटा वाढला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्यवसायशिक्षणाने अनेक कुटुंबांना पोटापाण्याला लावले हे खरे असले, तरी कोणाच्या मुलांनी कोठे थांबायचे हे दुसऱ्याच कोणी ठरवत होते, हा आक्षेप त्यामुळे पुसला जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४४ च्या कायद्याने, जो जीआय बिल या नावाने प्रसिद्ध आहे, युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे शिक्षणशुल्क आणि निर्वाहभत्ता सरकारने उचलला आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत दाखल झाले. पुस्तकी शिक्षण हे ठरावीक वर्गाचेच काम आहे ही समजूत त्यांनी परीक्षांतील कामगिरीने खोडून काढली. (त्याच कायद्याचा लाभ दक्षिणेकडील कृष्णवर्णीय सैनिकांना विभक्त शिक्षणव्यवस्थेमुळे तोकडाच मिळाला, हे विसरता येत नाही.) याच पार्श्वभूमीवर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४६ मध्ये जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षण आयोग नेमला. आयोगाच्या अहवालाचे खंड १९४७ च्या अखेरीपासून प्रसिद्ध होऊ लागले. लोकसंख्येच्या किमान ४९ टक्के लोकांत चौदा वर्षांचे शिक्षण पूर्ण करण्याची बौद्धिक क्षमता आहे, असा अंदाज मांडून आयोगाने तेरावे व चौदावे वर्ष सर्वांना मोफत असावे, अशी शिफारस केली, वंशभेद आणि प्रवेशातील छुपे कोटे यांच्यावर थेट टीका केली आणि ज्युनिअर कॉलेजऐवजी कम्युनिटी कॉलेज हे नाव प्रचारात आणले. लोकशाहीतील नागरिकाचा हक्क म्हणून उच्च शिक्षणाचा विचार अमेरिकी सरकारी कागदपत्रांत इतक्या स्पष्टपणे क्वचितच झाला असेल. मोफत शिक्षणाची शिफारस मात्र केंद्रीय पातळीवर तेव्हा अमलात आली नाही आणि नंतरही आली नाही.

वंशभेदाच्या प्रश्नात या महाविद्यालयांचे हात स्वच्छ नव्हते. फ्लोरिडा राज्याने कृष्णवर्णीयांसाठी बारा वेगळी ज्युनिअर कॉलेजे चालवली; त्यांतले पहिले १९४९ मध्ये पेन्साकोला येथे निघाले आणि बाकीची १९५७ पासून पुढे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्यानंतर, काढली गेली. तुटपुंज्या साधनांत त्यांनी हजारो तरुणांना शिकवले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर ही बाराही महाविद्यालये एकामागून एक बंद झाली किंवा शेजारच्या गोऱ्यांच्या महाविद्यालयात विलीन झाली. विलीनीकरण कागदावर समतेचे होते. पण विद्यार्थ्यांना ओळखणारे, त्यांच्या घरची परिस्थिती जाणणारे शिक्षक आणि संस्था यांची किंमत त्या कागदावर कोणी मांडली नव्हती. विद्यार्थ्याला शेवटापर्यंत नेण्यासाठी अशा माणसांची गरज असते, हे अमेरिकी धोरणकर्त्यांना पुढे चाळीस वर्षांनी नव्याने शिकावे लागले.

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन स्वीकारला आणि ज्याचे प्रमुख शिल्पकार म्हणून क्लार्क केर यांचे नाव घेतले जाते, त्यात हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या सर्वोत्तम आठव्या हिश्शाला राज्याचे मुख्य विद्यापीठ, सर्वोत्तम तिसऱ्या हिश्शाला राज्य महाविद्यालये आणि बाकी सर्वांना ज्युनिअर कॉलेजे अशी वाटणी होती. खालच्या पायरीवरून वर जाण्याचा मार्ग बदलीने खुला ठेवलेला होता. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी त्याच सुमारास कॉलेजच्या वयाला आली आणि त्या एका दशकात देशभर साडेचारशेहून अधिक नवी कम्युनिटी कॉलेजे उघडली, म्हणजे सरासरी जवळजवळ आठवड्याला एक. योगायोगाने १९६० मध्येच समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. उघड्या प्रवेशाच्या या महाविद्यालयांत आत काय घडते, याचे त्याच्याइतके नेमके वर्णन तोपर्यंत कोणी केले नव्हते.

क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास केला होता. कूलिंग आउट, म्हणजे हळूहळू थंड करणे, ही संज्ञा त्यांनी अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाकडून घेतली, आणि गॉफमन यांनी ती ठकांच्या बोलीतून घेतली होती: फसवल्या गेलेल्या माणसाने आरडाओरडा करू नये म्हणून ठकाचाच एक साथीदार मागे राहून त्याची समजूत घालतो, त्याला हे म्हणत. महाविद्यालयातील प्रक्रिया क्लार्क यांनी पायरीपायरीने उलगडून दाखवली. बदली घेऊन विद्यापीठात जाण्याच्या इराद्याने आलेल्या विद्यार्थ्याची आधी चाचणी होई. गुण कमी पडले की त्याला उजळणीच्या वर्गात घातले जाई. मग समुपदेशक त्याच्याशी बोलून त्याच्या गुणांकडे आणि उद्दिष्टाकडे बोट दाखवी. नव्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या परिचय-अभ्यासक्रमात त्याला स्वतःच्या क्षमतेचे वास्तववादी मूल्यमापन करायला शिकवले जाई. पुढे सुधारणा आवश्यक असल्याच्या सूचना मिळत आणि शेवटी त्याची परिविक्षाधीन विद्यार्थी म्हणून नोंद होई. कोणीही त्याला नापास म्हणून हाकलत नसे. दीड-दोन वर्षांत तो आपणहूनच अभियंता होण्याऐवजी अभियंत्याचा साहाय्यक होण्याचा अभ्यासक्रम निवडे, आणि हा निर्णय आपलाच आहे असे त्याला मनापासून वाटे. क्लार्क यांनी या प्रक्रियेचा निषेध केला नाही. सर्वांना संधीचे आश्वासन देणाऱ्या पण वरच्या जागा मोजक्याच ठेवणाऱ्या समाजाला अशा एखाद्या यंत्रणेची गरज पडते, असे त्यांचे शांत निरीक्षण होते. त्या शांतपणातच या निबंधाचे बळ आहे, कारण संस्थेच्या अपयशाचे विद्यार्थ्याच्या वैयक्तिक मर्यादेत रूपांतर कसे होते हे त्याने उघड केले.

याच्या उलट दिशेचा लढा न्यूयॉर्कमध्ये झाला. १८४७ पासून मोफत शिक्षण देणाऱ्या तेथील नगर महाविद्यालयाचे आवार हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत होते, पण त्याच्या वर्गांत त्या वस्तीतली मुले फार थोडी दिसत. १९६९ च्या वसंतात कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी आवाराच्या दक्षिण भागाचा ताबा घेतला, आणि हे महाविद्यालय ज्याचा घटक होते त्या नगर विद्यापीठाने काही वर्षांनंतर लागू करायचे ठरवलेले खुले प्रवेशाचे धोरण १९७० च्या शरदातच अमलात आणले. पहिल्याच वर्षी प्रथम वर्षाची संख्या सुमारे २० हजारांवरून ३५ हजारांवर गेली. त्याच वर्षी दक्षिण ब्राँक्समध्ये एका जुन्या टायर कारखान्यात होस्टोस कम्युनिटी कॉलेजचे वर्ग भरू लागले. पोर्तोरिकन विचारवंत युजेनिओ मारिया दे होस्टोस यांचे नाव मिरवणाऱ्या या महाविद्यालयात स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी येईपर्यंत थांबावे न लागता स्वभाषेत विषय शिकत शिकत इंग्रजी आत्मसात करता येई. शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा, १९७६ मध्ये, नगर विद्यापीठाने आपल्या इतिहासात प्रथमच शुल्क लावले आणि होस्टोस बंद करून शेजारच्या महाविद्यालयात मिसळण्याचा प्रस्ताव आला. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतील लोकांनी इमारत ताब्यात घेऊन, मोर्चे काढून ते महाविद्यालय वाचवले. तिकडे ॲरिझोनात नवाहो जमातीने १९६८ मध्ये स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले होते. आज दिने कॉलेज या नावाने चालणारी ती मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेली पहिली उच्च शिक्षणसंस्था असून जमातीची भाषा आणि इतिहास हे तिच्या अभ्यासक्रमाचे अंग आहेत.

खुल्या प्रवेशानंतरचा सर्वांत मोठा अडथळा मात्र ना शुल्काचा होता ना आंदोलनांना दिसणारा. तो एका चाचणीचा होता. प्रवेशासाठी गुणांची अट नसली तरी दाखल झालेल्या विद्यार्थ्याला संगणकावर गणिताची आणि इंग्रजीची स्थाननिश्चिती चाचणी द्यावी लागे. अनेकांना तिच्यासाठी तयारी करायची असते हेही ठाऊक नसे. नोकरीवरून येऊन, नावनोंदणीच्या रांगेतून थेट संगणकासमोर बसून ते ती उरकत. निकालानुसार त्यांना उजळणीच्या एक, दोन किंवा तीन पायऱ्या खाली उभे केले जाई. या वर्गांचे शुल्क भरावे लागे, सरकारी शिष्यवृत्तीचा वाटा त्यांत खर्ची पडे आणि पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक त्यांतून शून्य मिळत. तीन पायऱ्यांच्या साखळीत प्रत्येक पायरी ७० टक्के विद्यार्थ्यांनी ओलांडली असे धरले, तरी शंभरांतले केवळ ३४ पदवीच्या गणिताच्या वर्गापर्यंत पोहोचतात. प्रत्यक्षातही तसेच घडत होते: कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवले की गणिताच्या उजळणीला पाठवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच ती साखळी पूर्ण करतात, आणि अनेक जण तर कोणत्याही वर्गात नापास न होताच, केवळ दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीनंतर न परतल्यामुळे गळतात. पाठोपाठ त्याच केंद्रातील ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी सिद्ध केले की या चाचण्यांमुळे गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी गंभीर चुकीच्या वर्गात पडतो, आणि त्याचे शाळेतील गुण पाहिले असते तर ही चूक बरीच टळली असती. उजळणीच्या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे प्रमाण जास्त असल्याने या यांत्रिक चुकीचा भार कोणावर पडला, हे सांगायला नको. फ्लोरिडाने २०१३ मध्ये बहुतेक विद्यार्थ्यांवरील उजळणीची सक्ती काढली आणि कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने विद्यार्थ्याला थेट पदवीच्या वर्गात, हवी तर जोडीला जादा शिकवणी देऊन, बसवण्याचे बंधन महाविद्यालयांवर घातले.

चाचणी गेली तरी शिकण्याच्या मार्गातले बाकीचे अडथळे उरतात. या महाविद्यालयांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा सरकारी पैसा मोठ्या संशोधन विद्यापीठांपेक्षा खूप कमी असतो, बहुसंख्य अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात आणि समुपदेशकाकडे शेकडो विद्यार्थी असतात. ज्याला सर्वाधिक आधाराची गरज त्याच्या वाट्याला सर्वांत कमी आधार यावा, ही व्यवस्था विधिमंडळांच्या अंदाजपत्रकांतून वर्षानुवर्षे ठरवून केली गेली आहे; ती आपोआप घडलेली नाही.

म्हणूनच न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेला, एएसएपी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कार्यक्रम या इतिहासातील महत्त्वाचे वळण ठरतो. त्यात सामील होणाऱ्याने पूर्णवेळ शिकायचे, उजळणीचे वर्ग असतील तर ते आधी उरकायचे आणि आपल्या सल्लागाराला नियमित भेटायचे. बदल्यात शिष्यवृत्तीनंतर उरलेले शुल्क माफ होई, पुस्तके मिळत, शिकवणी मिळे आणि दरमहा शहराच्या भुयारी रेल्वेचा व बसचा पास हाती पडे. एकेका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. पास ही किरकोळ बाब वाटते, पण ज्या मुलीला तासाला यायचे की त्या भाड्यात घरी दूध न्यायचे असा हिशेब महिनाअखेरीला करावा लागतो, तिच्यासाठी तो पास म्हणजे उपस्थिती होती. आणि तो घेण्यासाठी सल्लागाराची भेट घ्यावी लागत असल्याने तिची अडचण महिनाभराच्या आत कोणाच्या तरी कानावर जाई. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडून तपासले, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण साध्या गटात २२ टक्के, तर कार्यक्रमातील गटात ४० टक्के आढळले. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत हाच प्रयोग केला असता १९ विरुद्ध ३५ असा निकाल आला. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला खरा. पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च घटला. विद्यार्थी तेच होते, त्यांची शाळेतली तयारीही तीच होती. बदलली होती ती संस्था. क्लार्क यांनी वर्णिलेल्या समजूत घालण्याच्या यंत्रणेला याहून ठोस उत्तर कोणी दिलेले नाही.

तरीही एकूण हिशेब समाधानकारक नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना बॅचलर पदवी हवी असते. प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांशच विद्यापीठात बदली घेतात आणि सहा वर्षांत बॅचलर पदवी मिळवणारे शंभरात १६ च्या आसपास असतात. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि अल्पउत्पन्न गटांत हे प्रमाण आणखी खाली जाते. टेनेसी राज्याने २०१५ पासून या महाविद्यालयांचे शुल्क माफ केले आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले, पण ही माफी शिष्यवृत्तीनंतर उरलेल्या रकमेपुरती असल्याने ज्यांचे शुल्क केंद्रीय शिष्यवृत्तीतून आधीच भागते, त्या सर्वांत गरीब विद्यार्थ्यांच्या हाती तिच्यातून फारसे पडत नाही. घरभाडे, प्रवास आणि जेवण यांचा खर्च त्यांच्याच माथी राहतो.

भारतात हे नाव १९९० च्या दशकात पुदुच्चेरी आणि चेन्नई येथील प्रयोगांतून आले आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांना कम्युनिटी कॉलेज चालवण्यासाठी योजना जाहीर केली. असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांनी, महाराष्ट्रातील संस्थांनी तर नक्कीच, अमेरिकेला शंभर वर्षे लागलेला धडा पहिल्या वर्षीच घ्यावा. आपल्या वार्षिक अहवालात प्रवेशसंख्येच्या शेजारी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची संख्या प्रवर्ग, लिंग आणि उत्पन्नगट यांनुसार छापावी, आणि ज्या गटाची गळती अधिक दिसेल त्याच्यासाठी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रवासाचा पास, पुस्तके आणि एक पूर्णवेळ सल्लागार यांची तरतूद करावी.